कुंपणापलीकडची दुधाळी

आमच्या परसदाराच्या आणि शेजारच्या ज्वारीच्या वावराच्या मध्ये शेराच्या झुडपांचे कुंपण होते, आणि त्या कुंपणाच्या दोन्ही अंगांना दोन पिढ्यांचा संशय नांदत होता. माझ्या वडिलांचा समज असा की, शेजारी दरसाल नांगर फिरवताना वीतभर जमीन आत घेतात. शेजाऱ्यांचा समज असा की, आमच्या वडिलांनी शेराच्या फांद्या रोवताना कुंपणच बाहेर ढकलले. दोघेही वृद्ध यथाकाल कैलासवासी झाले, जमीन होती तिथेच राहिली आणि संशय तेवढा वारसाहक्काने मुलांकडे आला. माझ्या वाट्याला देवपूजा, पंचांग आणि तापीकाठच्या महादेवाचा अभिषेक आला. पलीकडे आबांच्या वाट्याला ते काळे कसदार वावर. आबा माझ्याहून वडील. ते मला ‘महाराज’ म्हणत, मी त्यांना ‘आबा’ म्हणे. सारंगखेड्याच्या यात्रेला आम्ही एकाच बैलगाडीतून जात असू, एकाच शिदोरीतला गूळ खात असू. परंतु घरी परतून आपापल्या बाजूला गेलो की कुंपण पूर्ववत् उंच होई.

त्या काळी आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. पाऊस बेताचा, नदीकाठची जमीन काळी, आणि गावाच्या मागे दगडगोट्यांचा उघडा माळ. त्या माळावर पावसाळा सरता सरता गवताच्या मधोमध एक रानफूल येई. रोप हातभर उंचीचे, पाने शेपूसारखी बारीक, आणि वर गुलाबी-जांभळ्या फुलांची मंजिरी. ती खालून वर उमलत जाई. त्यामुळे टोकाशी कळी असे तेव्हा तळाशी बोंडे वाळलेली असत. तिला दुधाळी म्हणत. शेतकरी तिला ओळखत, परंतु प्रेमाने नव्हे. ज्वारीचे सत्त्व शोषून घेणारा जो पांढरा टारफुला, त्याची ही थोरली बहीण, असे ते म्हणत.

माझी स्वतःची थोरली बहीण, आक्का, हिचे मात्र या फुलाशी निराळेच नाते होते. ऐन तारुण्यात वैधव्य येऊन ती माहेरी परतली, तो कार्तिक महिना होता. वाटेत माळाखाली गाडी थांबली होती आणि पूजेची वेळ टळत होती. तिने सासरहून आणलेला महादेवाचा बाण, ते नदीतले गुळगुळीत लिंग, पदराखालून काढला, माळ चढून गवतातली ती फुले खुडली आणि त्याला वाहिली. ‘त्या दिवशी मला दुसरे कोणीच काही दिले नाही, या माळाने दिले,’ एवढेच ती सांगे. तेव्हापासून कार्तिकभर रोज सकाळी माळावर जाऊन, स्वतःच्या हाताने दुधाळी खुडून, ती देवाला वाहावी आणि मगच अन्न घ्यावे असा तिचा नेम होता. दुसऱ्याने आणलेले फूल तिला चालत नसे. नेम उसन्या हाताने पाळता येत नाही, असे ती म्हणे, आणि त्या बाबतीत शास्त्र माझ्यापेक्षा तिच्या बाजूला अधिक होते.

एका श्रावणात घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय निसटला आणि घोट्याचे हाड मोडले. हाडवैद्याने बांधले, जुळलेही. परंतु काठी हाती आली ती कायमची. ओसरीवरून परसदारी जाणे, इतकाच तिचा प्रवास उरला. माळाचा चढ गाडीला जमणारा नव्हता आणि कोणाच्या पाठीवर बसून देवाकडे जाणे तिला मान्य नव्हते. कार्तिक जवळ येत होता. नेम मोडायचा नाही आणि फूल मिळायचे नाही, याचा अर्थ घरात सर्वांना कळत होता. तिच्या वयाला आणि प्रकृतीला महिनाभराचा निराहार सोसला नसता.

म्हणून फूलच तिच्या पायापाशी आणावे, असे मी ठरवले.

भाद्रपदात मी माळावरून दुधाळीची रोपे मुळांसकट काढून आणली. देवाचे फूल जिथे वाढायचे ती जागा निर्मळ असावी, ही आमच्या घरची शिस्त. तगरीच्या शेजारी मी नवा वाफा केला, त्यात गवताची काडी ठेवली नाही, माती चाळून घेतली, गोमूत्र शिंपडले आणि स्नानोत्तर सोवळ्यातच रोपे लावली. पाणी घालत असता कुंपणावरून आवाज आला.

“महाराज, हाई काय लाई ऱ्हायनात?”

“फूल आहे, आबा. देवासाठी.”

“देवले दुनियाभरना फुलं शेतस. जास्वंद शे, कन्हेर शे, झेंडू शे. हाईच कसाले?”

“आक्काचा नेम आहे.”

आबांनी त्या रोपांकडे वाकून पाहिले. मग म्हणाले, “नेम तुमना, पन वावर मन्हं शे,” आणि निघून गेले. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. स्वर मात्र लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोपांनी माना टाकल्या. तिसऱ्या दिवशी ती काळी पडली. पाण्यावाचून झाड वाळते तेव्हा पिवळे पडते हे मी जाणत होतो. हे तर जळाल्यासारखे काळे ठिक्कर झाले होते. मी पुन्हा माळावर गेलो, पुन्हा रोपे आणली, सावली धरली, दोन वेळा पाणी घातले. तीही काळी पडली. तिसऱ्या खेपेलाही तेच झाले, तेव्हा माझ्या मनात जो विचार वडिलांच्या काळापासून दबा धरून बसला होता तो उठून उभा राहिला. कोणीतरी मुळांवर उकळते पाणी ओतत असावे. नाहीतर चुन्याचे पाणी. आणि कुंपणापलीकडे मनुष्य एकच होता.

चौथ्या खेपेची रोपे लावून मी गोठ्याच्या आडोशाला पोथी घेऊन बसलो. पोथी उघडी होती, डोळे कुंपणाकडे होते. माध्यान्ही शेराच्या फांद्या हलल्या. एक हात आत आला, त्याने एक रोप अलगद वर उचलले, मुळाशी चाचपून पाहिले आणि पुन्हा मातीत दाबले.

मी उठून समोर गेलो. “आबा, काय शोधता?”

हात मागे न घेता ते म्हणाले, “तुमी काय पेरी ऱ्हायनात, ते.”

“पेरले नाही, लावले आहे. आणि लावलेले कोणीतरी जाळते आहे.”

“कोन जाळस?”

“ज्याचा हात कुंपणातून आत आला आहे, त्यालाच विचारतो आहे.”

आबांनी हात काढून घेतला. बोटांना लागलेला शेराचा चीक धोतराला पुसला. मग अगदी शांतपणे म्हणाले, “महाराज, मन्हा हात आज उना. तुमना हात तीन वरीसपाशी मन्हा वावरमा शे.”

ते काय म्हणत होते, हे मला त्याच सायंकाळी चावडीवर कळले. गावची पाच-सात वडीलधारी मंडळी बसली होती आणि आबांनी माझ्यादेखतच सारे मांडले. कुंपणाच्या कडेकडेने त्यांच्या ज्वारीचा एक पट्टा तीन वर्षे खुरटत होता. दहा ओळी पलीकडे ज्वारी डोक्यावरून जाई आणि इथे गुडघाभर राही. कणीस धरले तर पोकळ. त्या पट्ट्यात दुधाळी उगवत होती. ते उपटत, आणि पुढच्या वर्षी ती दुप्पट येई. त्यांच्या कारभारणीने डोंगरातून आलेल्या एका भगताला विचारले, तेव्हा भगताने दाणे टाकून सांगितले होते की, कुंपणावरून कोणीतरी काहीतरी टाकते आहे.

“आते महाराज तेच फूल घरमा लाई ऱ्हायनात,” आबा म्हणाले. “मंग मी काय समजू?”

कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्याने चिलीम काढून तोंड मोकळे केले. “समजनं काय त्यामा? महाराजस्ले खळावर सूपभर जवारी फुकट भेटस. ती पुरत नही, म्हणीसन त्यास्नी झाडले भी शिकाडं.”

चावडी हसली. गावच्या प्रत्येक खळ्यावरून आमच्या घरी ज्वारी येत असे, त्यावरच आमचा निर्वाह होता, आणि हे सर्वांना ठाऊक होते. मीही हसलो. “शिकले असेल, तर मंत्रसुद्धा म्हणत असेल,” मी म्हणालो. “एकदा कान लावून ऐका.”

सगळे पुन्हा हसले. आबा तेवढे हसले नाहीत. “कार्तिक लागाना पहिले मी ती पट्टी बठ्ठी उपटीसन जाळसू,” ते म्हणाले. “आन महाराजस्नी भी त्यास्ना वाफा साफ करा पाहिजे. मन्हं एवढंच सांगनं.”

घरी येताना माझ्या मनात राग होता, आणि रागाच्या तळाशी भय होते. करणीचा आळ ब्राह्मणाच्या घरावर येणे ही लहान गोष्ट नव्हती. आज ते हसण्यावारी गेले होते. एखाद्याचे गुरू मेले, एखादे मूल आजारी पडले, की तेच हसणारे लोक ते आठवणार होते.

दुसऱ्या दिवशी मी माळावर गेलो तो रोप आणायला नव्हे. ज्या झाडाने माझ्यावर आळ आणला होता ते मुळात आहे तरी काय, हे मला पाहायचे होते. मी कुदळीने दुधाळीच्या चहूबाजूंनी खोल खणले, गवतासकट मातीचा मोठा गड्डा उचलला आणि नदीच्या उथळ पाण्यात बसून तो हळूहळू धुतला. माती वाहून गेली तसतशी मुळे उघडी होत गेली. दुधाळीचे मूळ आखूड आणि फिकट होते. त्याचे बारीक तंतू शेजारच्या गवताच्या मुळांपर्यंत गेले होते आणि जिथे टेकले होते तिथे मोहरीएवढी गाठ धरून घट्ट चिकटले होते. मी एक तंतू ओढला, तर गवताचे मूळच तुटून आले, परंतु गाठ सुटली नाही.

 माझी रोपे कोणी जाळली नव्हती. गवताची काडी न ठेवता मी जो निर्मळ वाफा केला होता, त्यात ती उपाशी मेली होती.

परंतु त्यामुळे मन हलके होण्याऐवजी अधिकच जड झाले. देवपूजेसाठी दुसऱ्याच्या कुंपणातले फूल घेतले तर ती चोरी नव्हे, असे आमचे शास्त्र मानते. पण फुलानेच चोरी केली असेल तर? जे परान्नावर वाढते, जमिनीखाली तोंड लपवून दुसऱ्याचे शोषून घेते, ते महादेवाच्या मस्तकावर चालते काय? आणि लगेच चावडीवरचा तो म्हातारा आठवला. सूपभर ज्वारीवर वाढलेले माझे हात जर अभिषेकाला चालत होते, तर या फुलाला दारातून परत पाठवणारा मी कोण?

गड्डा घरी आणून मी ओसरीवर आक्कापुढे ठेवला आणि चावडीवरचे सारे सांगितले. तिने ती गाठ बोटाने चाचपली.

“म्हणजे आबा खरे बोलतात,” ती म्हणाली.

“झाडाविषयी खरे बोलतात. माझ्याविषयी नाही.”

“तू माझ्यासाठी लावलेस ते यंदा. त्यांच्या वावरात ते तीन वर्षांपासून आहे. मग तिथे आले कुठून?”

“माळावरून वाऱ्याने आले असेल.”

“वारा काय फक्त आपल्या कुंपणाच्या कडेकडेनेच वाहतो?” तिने काठी जवळ ओढली. “निर्माल्य कुठे टाकतोस?”

प्रश्न साधा होता. निर्माल्य पायाखाली येऊ नये, म्हणून ते नदीत सोडावे, हा आमचा नेम. परंतु वडिलांचे गुडघे धरल्यापासून ते कुंपणावरून पलीकडे, शेराच्या बुंध्याशी ठेवू लागले होते. नांगर तिथपर्यंत येत नाही आणि मनुष्याचे पाऊलही पडत नाही, म्हणून ती जागा शुद्ध. त्यांच्यामागे मीही तेच करीत आलो होतो. आणि आक्काला एकेक फूल वेचणे कष्टाचे होऊ लागल्यापासून, गेली तीन-चार वर्षे, ती अख्खी मंजिरी खुडून आणीत असे, वरच्या फुलांसकट आणि तळाच्या बोंडांसकट.

आम्ही दोघे कुंपणापाशी गेलो. मी फांद्या बाजूला केल्या. पलीकडे बुंध्याशी जुन्या निर्माल्याचा थर साचला होता. त्यात बेलाची पाने कुजून गेली होती, परंतु दुधाळीच्या वाळक्या मंजिऱ्या अजून ओळखू येत होत्या. मी एक उचलून तळहातावर चुरडली. बोंडातून तपकिरीसारखी बारीक काळी धूळ निघाली आणि फुंकर घालण्याच्या आधीच वाऱ्याने उडाली, ती सरळ आबांच्या ज्वारीत.

कोणीतरी कुंपणावरून काहीतरी टाकते आहे, असे भगताने सांगितले होते. ते अक्षरशः खरे होते.

“सांगायचे?” मी विचारले. या एका गोष्टीने आबांचा दोन पिढ्यांचा संशय सिद्ध होणार होता. करणी नव्हे हे मी सांगितले असते, पण ते कोण मानणार?

“बोलाव त्यांना,” आक्का म्हणाली. “नेम माझा आहे. सांगेन मी.”

आबा आले ते अंगणाच्या उंबऱ्याशीच थांबले. पाणी पुढे केले, ते त्यांनी घेतले नाही. इतका विश्वास त्या दिवशी उरला नव्हता. आक्काने त्यांना गड्डा दाखवला, बोंडे दाखवली, निर्माल्याची गोष्ट आरंभापासून सांगितली.  शेवटी धोतराचा सोगा सावरीत ते म्हणाले,

“म्हणजे देवनीच खादी मन्ही जवारी.”

“देवाने नाही,” आक्का म्हणाली. “मी.”

“आक्का, तुमले मी काय सांगू आते? देवसंगे भांडता येत नही, आन तुमनासंगे भी नही. महाराज ऱ्हातात ते भांडतू.”

“त्याच्याशी पुढे भांडा. आधी माझे ऐका. ती पट्टी जाळू नका. कार्तिक चार दिवसांवर आला आहे. कुंपणात मला जाण्यापुरती वाट करून द्या. तुमच्या पट्टीतली प्रत्येक मंजिरी मी रोज स्वतःच्या हाताने खुडीन. बोंड धरायच्या आत खुडली, तर पुढच्या वर्षी उगवणार काय?”

आबांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. जणू त्या बोलण्यात माझा काही डाव आहे काय, हे ते शोधत होते. “एखादी ऱ्हायनी ते?”

“तुम्ही उभे राहा. दाखवा. खुडायची मात्र मी.”

“आन निर्माल्य?”

“ते मी नदीत सोडीन,” मी म्हणालो.

“नही,” आबा म्हणाले. “तुमना हातमा मी ते देत नही. मी सोडसू.”

अशा रीतीने ते घडले. दोन पिढ्या जे कुंपण वीतभरही हलू दिले गेले नव्हते, त्यात आबांनी स्वतःच्या कोयत्याने आक्काच्या देहाएवढी वाट पाडली. कार्तिकात रोज सकाळी आक्का काठी टेकीत त्या वाटेने पलीकडे जाई, ज्वारीच्या ओळींत बसे आणि सरकत सरकत फुले खुडी. आबा तिच्या मागे उभे असत, एखाद्या पहारेकऱ्यासारखे.

“आक्का, तठे एक ऱ्हायनी.”

“कुठे?”

“जेवना हाते. पानना खाले लपेल शे.” आक्काचा हात उजवीकडे वळे.

“तुमची नजर म्हणजे घार आहे, आबा.”

“घार नही. ठेच खादेल मानूस शे. एकदाव ठेच खादी, की मानूस दखस.”

ते तिच्यासाठी एकही फूल तोडीत नसत. हात पाठीमागे बांधून फक्त दाखवीत. पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी निर्माल्य ते धोतराच्या सोग्यात बांधून घेत आणि नदीवर जात. मी दारातून पाहत असे. खरे तर ते नदीपर्यंत जातात की वाटेतच कुठे टाकतात, याची मला खात्री नव्हती. ज्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर मी तरी का ठेवावा? एकदा ते नदीवरून परतताना सोग्याची गाठ तशीच घट्ट बांधलेली मला दिसली. त्यांनी माझी नजर पाहिली आणि सोगा काखेत घेतला. त्या दिवशी मी बुंध्याशी, बांधावर, ओढ्याच्या उतारावर, सगळीकडे शोधून आलो. टाकलेले निर्माल्य कुठेच सापडले नाही. गाठीत काय होते हे मला कळले नाही, आणि तो संशय मनात तसाच राहिला.

वर्षे गेली. पट्टीतली दुधाळी दर कार्तिकाला विरळ होत गेली आणि ज्वारी तितकीच उंच. आबांचा चेहरा खळ्याच्या वेळी उजळे; आक्काची परडी मात्र हलकी होत गेली. तिचा नेमच आपल्या फुलाचा अंत करीत होता, हे तिला दिसत होते. 

अखेर एका कार्तिकाच्या पहिल्या दिवशी ती वाटेने पलीकडे गेली आणि पट्टीत एकही फूल नव्हते. ज्वारी थेट कुंपणापर्यंत दाट उभी होती, कणसे भरलेली. आक्का ओळींमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली आणि बांधावर येऊन बसली.

“संपले वाटते,” ती म्हणाली.

“मी माळावर जाऊन येतो,” मी म्हणालो.

“हात तुझा असेल. मग नेमही तुझाच.”

 ऊन चढत होते. नेहमीप्रमाणे मागे हात बांधून उभे असलेले आबा ज्वारीकडे पाहत होते.

“औंदा दाणा भरना,” ते म्हणाले. मग, दुसऱ्याच कोणाशी बोलावे तसे म्हणाले, “आक्का, त्या बोरीना कोपरामा दखं का?”

“तिथे काय आहे?”

“मले काय मालूम? पाखरे बसतस तठे. दखी ल्या.”

वावराच्या कडेला बोरीचे एक झाड होते. आक्का बांधावरून काठी टेकीत हळूहळू तिथवर गेली. मी तिच्या मागे. बोरीखाली काट्यांचे एक लहानसे कडे होते, आणि त्याच्या आत गुडघाभर, पिवळी, रोगट ज्वारी उभी होती. आबांच्या वावरात अशी ज्वारी असणे म्हणजे त्यांच्या कपाळी डाग. त्या ज्वारीच्या पायाशी दुधाळी गुलाबी फुलांनी भरून आली होती.

 आक्काने काठी बाजूला ठेवली, काटा सारला आणि खुडायला बसली.

मी मात्र पाहत राहिलो. बाकी वावरात पाभरीने पेरलेल्या सरळ ओळी होत्या. इथे ज्वारी मुठीने फेकल्यासारखी विखुरलेली होती. आणि बोरीखाली जो काटा टाकला होता, तो बोरीचा नव्हता, बाभळीचा होता.

“आबा,” मी म्हणालो, “बोरीखाली बाभळीचा काटा कुठून आला?”

“वारा लई उना व्हई.”

“आणि ही ज्वारी ओळीत नाही.”

“पाखरेस्नी पेरी.”

“आणि दुधाळीचे बी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. जे डोळे इतकी वर्षे माझ्या प्रत्येक हालचालीवर ठेवलेले होते, त्यांत या वेळी काहीसा कंटाळा होता.

“महाराज,” ते म्हणाले, “तुमी भलता वहमी मानूस शेतस.”

मला ती न सोडलेली गाठ आठवली. 

त्यापुढे आक्का होती तोवर बोरीखालचा तो कोपरा दर कार्तिकाला फुलत राहिला आणि तिचा नेम शेवटपर्यंत मोडला नाही.  कोणी विचारले, तर तिथली जमीन हलकी आहे, असे आबा सांगत.

त्या पहिल्या दिवशीची पूजा उशिरा झाली आणि आक्का दुपार कलल्यावर जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नेहमीप्रमाणे आले आणि त्यांनी धोतराचा सोगा पसरला. आक्काने निर्माल्य त्यात ठेवले, बेल, तगर आणि तळाशी बोंडे धरलेल्या दोन-तीन मंजिऱ्या. आबांनी गाठ मारली आणि नदीच्या वाटेला लागले. रोज मी दारात उभा राहून त्यांना वळणापर्यंत पाहत असे. त्या दिवशी आत आलो आणि पोथी उघडली.